सोपानचा अठरावा आणि माझी अष्टादशी

सोमवार, २६ ऑक्टोबर १९०८. जुन्नर. पाडवा. पहाट.

हिर्रर्र… हो… हो… हो.

या आवाजाने जाग आली. उठून बसलो तर आळीत सामसूम. कोणाच्या तरी दारी कालची पणती तेवढी फडफडत होती. मग लक्षात आले की आवाज बाहेरचा नव्हे, पंचावन्न वर्षांपूर्वीचा आहे. मी सहा-सात वर्षांचा. थोरला भाऊ ज्योतिबादादा डोंगराच्या कडेला उभा, खांद्यावर घोंगडी, आणि त्या एका हाकेसरशी सगळी मेंढरे उतारावरून पाण्यासारखी खाली. हाकेला ना वृत्त ना यमक. तरी इतकी वर्षे कानात राहिली. उलट काल रात्री मी स्वतः रचलेले कडवे आज आठवत नाही. हवेचा दोष.

दादाशी बोलणे सोडून चाळीस वर्षे झाली. मला मास्तरची नेमणूक मिळाली तेव्हा साऱ्या भावकीसमोर मी माझी पहिली कविता म्हटली, आणि हा गृहस्थ तिसऱ्या कडव्याला घोरू लागला. माझ्या मनात त्याबद्दल काही नाही. फक्त बोलत नाही.

असो. आज पाडवा, तेव्हा नवा संकल्प. येत्या १५ नोव्हेंबरला, रविवारी, आमचा नातू सोपान अठरा वर्षे पुरी करतो. सरकारी कायद्याने सज्ञान! आईबाप मुंबईस गिरणीत. पोर पाळण्यापासून आमच्याजवळ. म्हणून हा समारंभ मीच केला पाहिजे. नुसते औक्षण करून तीळगूळ घातलेले दूध पाजले की झाले, असा गावंढळपणा नको. इंग्रजी तारखेने, रीतसर प्रोग्राम. ओसरीवर खुर्ची, खुर्चीवर अध्यक्ष म्हणून शाळाखात्याचे डिपोटीसाहेब. माझे नवे काव्य ‘अष्टादशी’, अठरा वर्षांचे अठरा सर्ग. आणि शेवटच्या सर्गाअखेर सोपान उभा राहून जाहीर करील की मी आजोबांसारखा मास्तर होणार, पुण्यास ट्रेनिंगला जाणार. त्याला हे अजून सांगितलेले नाही. आनंद एकदम व्हावा.

रोज एक सर्ग. चहा दिवसाला एकच कप. मंडळीशी (सोपानच्या आजीशी) वाद घालणे बंद.

रात्री : सर्ग उद्यापासून. सणाच्या दिवशी घाईने लिहिलेले टिकत नाही. चहा तीन कप. पाहुणे आले होते. म्हणजे येण्याचा संभव होता.

मंगळवार, २७ ऑक्टोबर.

‘अठरा’ हा शब्द भुजंगप्रयातात बसत नाही. सकाळपासून ठोकून पाहिला. वय बदलता येत नाही, आणि इतक्या लहान कारणासाठी वृत्त बदलणे मला शोभत नाही. निर्णय : अठरा हा शब्द न वापरता अठरा सर्ग लिहायचे. ‘सोपान’ही बसेना. त्याचा ‘सोपना’ केला. कवीला एवढी मुभा असते.

उभा सोपना तू नव्या उंबऱ्याशी,
जसा मेघ येई गिरीच्या उराशी.

दोन ओळी झाल्या. पण काय ओळी! उरलेला दिवस त्या मोठ्याने म्हणण्यात गेला. चुलीपाशी बसलेली मंडळी म्हणाली, ‘सकाळधरनं उभा ऱ्हायलाय त्यो. बसवा की त्याला एकदाचा.’ वाद घालायचा नाही असा संकल्प असल्यामुळे मी फक्त अर्धा तास बोललो.

गुरुवार, २९ ऑक्टोबर. चतुर्थी.

मंडळी आणि सोपान भिका सुताराच्या बैलगाडीतून ओझरला विघ्नहराच्या दर्शनास गेली. भिका माझा जुना विद्यार्थी. भाडे घेत नाही, मी कविता म्हणू लागलो की लगेच बैल जुंपतो. गुणी मनुष्य.

मंडळी पहाटे तीनपासून शेजारच्या सारजाबाईला घेऊन मासवड्या करत होती. बेसनाचे घट्ट पिठले ओल्या फडक्यावर थापून, आत भाजलेले तीळ, खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरून गुंडाळायचे आणि वड्या कापायच्या. दोन माणसांच्या शिदोरीला दोन वड्या पुष्कळ. हिने दोन पाट्या केल्या! विचारले तर म्हणाली, ‘वाटंत भूक लागती.’ बरोबर निरांजन, कुंकवाचा करंडा, तांब्याभर दूध आणि एक कोरी घोंगडी. घोंगडी कशाला? तर गाडीत हाडे खिळखिळी होतात. बायकांच्या तयारीला अंत नाही.

दिवेलागणीनंतर परत आली. सोपानच्या कपाळी कुंकू आणि अक्षता, ओठांवर दुधाची मिशी, चेहरा असा उजळलेला की मी पाहतच राहिलो. देवदर्शनाचा केवढा परिणाम! मी विचारले, कोणी ओळखीचे भेटले का. दोघे एकदम ‘न्हाई’ म्हणाली. घोंगडी कुठे तर गाडीत राहिली.

माझ्यासाठी दोन वड्या ठेवल्या होत्या. त्या करपलेल्या निघाल्या.

झोपताना सोपान स्वतःशीच काहीतरी घोळवत होता : हिर्रर्र, हो, हो. शार्दूलविक्रीडिताची चाल बसवीत असावा. मी मुद्दाम टोकले नाही. कोवळ्या वयात प्रतिभा लाजते.

शनिवार, ३१ ऑक्टोबर.

सर्ग पहिला पुरा. दुपारी रिखबचंद आला. आम्ही एका पाटीवर अक्षरे गिरवली. आता त्याचे पेठेत कापडाचे दुकान आहे, पण काव्याची ओढ गेली नाही. सर्ग सुरू करताच त्याने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतके खोल रसग्रहण मी क्वचित पाहिले आहे. संपल्यावर हलवले तेव्हा म्हणाला, ‘मास्तर, वैद्याची दोन वर्षं औषधं घेतली, पण असं सुख न्हाई मिळालं. उद्या ह्याच वेळेला येऊ का?’

म्हणजे काव्य शरीरालाही मानवते. ही गोष्ट डिपोटीसाहेबांच्या कानी घातली पाहिजे.

रिखबचंद जैन. कांदा-लसूण नाही, आणि सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. त्याच्या मासवड्या वेगळ्या कराव्यात असे मी मंडळीला सुचवले. ती म्हणाली, ‘तुमी सुचवायच्या आदी चाळीस वरसं मी त्याच करतीया.’ योगायोग.

सोमवार, २ नोव्हेंबर.

सोपानविषयी एक गुपित उलगडले. रोज जेवण झाले की हा मानमोडीच्या डोंगराकडे जातो आणि तिन्हीसांजेला परततो. आज केसांत पांढरे काहीतरी. काढून पाहिले तर लोकर. सदऱ्याला रानचा वास, हातात बाभळीची काठी, पायांत काटे. मी काही न विचारता ओळखले. एकांतात बसून काव्य करतो! लोकर ढगांकडे पाहताना आडवे झाल्याने लागली असावी. कोणाची मेंढरे बसून गेली असतील. मीही तरुणपणी असाच काट्याकुट्यांत बसत असे.

मंडळीला हे सांगितले. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटते भरून आले.

बुधवार, ४ नोव्हेंबर.

निमंत्रणाला डिपोटीसाहेबांचे उत्तर नाही. चांगले लक्षण. नाही म्हणायचे असते तर लगेच कळवले असते.

भिकाला अध्यक्षांसाठी हातांची खुर्ची करायला सांगितले. तो म्हणाला, ‘गुरुजी, सायेब आलंच न्हाईत तर?’ मी त्याला नकारात्मक विचारांवर चार ओळी ऐकवल्या. खुर्ची परवा देतो म्हणाला.

सर्ग तिसरा अर्धा. चहाचा संकल्प मोडलेला नाही. कप मोठा आणला आहे.

शनिवार, ७ नोव्हेंबर.

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहावा असा. सोपानने आपण होऊन काव्य मागितले! त्याचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून पहिले चार सर्ग त्याला सुवाच्य उतरवायला दिले होते. आज म्हणतो, ‘आबा, चारी पाठ झालं. पुढलं कदी?’  वर म्हणाला, ‘जरा लांबलचक लिवा. हे लगेच संपत्यात.’

माझ्या काव्याला आजवर पुष्कळांनी पुष्कळ म्हटले आहे, पण लगेच संपते असे प्रथमच.

मी विचारले, कोणता भाग विशेष भावतो. म्हणाला, ‘सगळाच सारखाच हाय की, त्येच तर बेस.’ एकजिनसीपणा! ही समीक्षा मंचरच्या शाळेत मी पंधरा वर्षे शिकवून एकाही पोराला जमली नव्हती.

हा मास्तर होणारच. खुर्चीवर बसलेला मला स्पष्ट दिसतो. रात्री नऊ ओळी ओघात आल्या, त्यांतल्या दोन :

खडू घे, फळा घे, छडी घे करांत,
उजाडो तुझ्याने नवी ही प्रभात.

मंगळवार, १० नोव्हेंबर.

मंडळीने हट्ट धरला की पोराच्या मनात काही आहे, समोर बसवून विचारा. म्हणून जेवणानंतर बसवले. मन मोकळे करण्याचे महत्त्व या विषयावर मी पाऊण तास बोललो. मग त्याला म्हटले, बोल.

तो म्हणाला, ‘आबा, मला मास्तर व्हायचं न्हाई.’

‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’, असे मी सांगितले. विनय मला समजतो. मीही नेमणुकीआधी हेच म्हणालो होतो. पुढे म्हणाला की थोरले आबा, म्हणजे ज्योतिबादादा, म्हातारे झाले, गुडघे चालत नाहीत. मेंढरांमागे धावणारे कोणी नाही. येत्या सोमवारी कळप नाणेघाटाने कोकणात उतरणार. बरोबर कोणी गेले नाही तर घाटाखाली नेऊन सगळी मेंढरे विकणार. ‘तर मी जाणार हाय आबा. कायमचा. दिवाळीला येत जाईन.’

किती तपशीलवार! किती जिवंत! मी त्याच क्षणी जाणले की पोराने आपल्या पहिल्या काव्यासाठी विषय निवडला आहे. धनगरकाव्य! म्हातारा मेंढपाळ, विकले जाणारे कळप, घाट, तरुण वारस. आमच्याच घराण्याचा जुना धंदा, वरून कल्पनेचा साज. डोळ्यांत पाणीसुद्धा आणले होते त्याने. मी पाठ थोपटली आणि सुचवले की नायकाने शेवटी मेंढरे सोडून शाळेत नोकरी धरावी. म्हणजे बोध येतो.

 त्याने आजीकडे पाहिले. आजी म्हणाली, ‘म्या सांगितलं व्हतं तुला.’ काय सांगितले होते ते कळले नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर.

प्रोग्रामचा क्रम ठरला. दुपारी तीनला प्रारंभ, काव्यवाचन, सोपानची घोषणा, अध्यक्षांचे भाषण, मग भोजन. मंडळीचे म्हणणे आधी जेवण, रिखबचंद शेटजींचा सूर्यास्ताचा नेम आहे. मी निक्षून नाही म्हटले. जेवलेला मनुष्य काव्याला निरुपयोगी होतो, सरळ झोपतो.

मंडळी म्हणाली, ‘न जेवता बी झोपत्यातच की.’

मासवडीत काव्य आहे, हे दाखवण्यासाठी आज स्वतः एक गुंडाळून पाहिली. वृत्ताप्रमाणे दोन्ही टोके सारखी यायला हवीत. एक टोक चुलीत गेले. सारजाबाई तोंड फिरवून हसत होती. फडके धुवायला मलाच लावले.

सर्ग सहावा. अजून बारा. दिवस तीन. रोज चार सर्ग, काही अवघड नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर.

सात सर्ग झाले. नीट विचार केला तर सातच पुरेत. सातही दोनदा वाचले की चौदा होतात, आणि उरलेल्या चारांचा आशय मी तोंडी सांगेन.

मंडळीला उद्याच्या औक्षणाची आठवण करून दिली. ती म्हणाली, ‘त्येचा वाढदिस झाला की! चवथीला, तिथीनं. ओवाळलं, दूध पाजलं, समदं झालं.’ कुठे? तर ओझरला. एका वर्षात दोन वाढदिवस असू शकतात, तिथीने एक आणि कायद्याने एक, हे तिला फळ्यावर लिहून समजावले. तिने फळा उलटा करून त्यावर तीळ निवडायला घेतले.

सोपान म्हणाला, ‘आबा, उद्या मी एका माणसाला घेऊन येतो. तुमी रागवू नका.’ मी रागावेन कशाला? डिपोटीसाहेबांच्या टांग्याला वेशीवर सामोरा जाणार असणार! आजोबांना अचानक सुख द्यावे म्हणून नाव सांगत नाही. रक्ताचा गुण.

रविवार, १५ नोव्हेंबर. सकाळ.

अंघोळ. धुवट धोतर, उपरणे, पगडी. घसा साफ करण्यासाठी खडीसाखर. पहिला सर्ग आरशासमोर एकदा. उत्तम.

दुपार, एक वाजता.

सोपान गेला. जाताना माझ्या पाया पडला आणि उठेचना. मी म्हणालो, अरे, समारंभ अजून व्हायचा आहे. भिकाने खुर्ची आणली. तिचा एक पाय किंचित आखूड आहे, पण साहेब वजनदार असतील तर स्थिर होईल. घरभर तीळ-खोबऱ्याचा वास. आज या ओसरीवर काही तरी कायमचे घडणार आहे.

सोमवार, १६ नोव्हेंबर. सकाळ.

काल लिहिणे झाले नाही. आता सगळे क्रमाने लिहितो.

तीनला लोक आले. रिखबचंद, त्याची बायको मोहनबाई (ती आत बायकांत), भिका, आणि माझे चार जुने विद्यार्थी, ज्यांना मी स्वतः घरी जाऊन आणले होते. साहेब नव्हते, सोपान नव्हता. साडेतीनपर्यंत वाट पाहिली. मग रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून सुरुवात केली. वाचता वाचता ते येतील आणि मधून ऐकण्यातही एक गंमत असते.

‘उभा सोपना तू’ म्हणताच रिखबचंदचे डोळे मिटले. दुसऱ्या सर्गाला भिकाने खांबाला मिठी मारली. तिसऱ्याला सगळी ओसरी एका लयीत श्वास घेत होती. मला असे वाटले, हेच ते तादात्म्य. आवाज चढवला. चौथा सर्ग मी डोळ्यांतून पाणी काढून म्हटला. पाचवा सुरू केला तेव्हा ऊन भिंतीवरून कौलांवर गेले होते.

सहाव्या सर्गाच्या मध्यावर मंडळी दारात येऊन ओरडली, ‘शेटजी! दिस डोंगराला टेकला!’

रिखबचंद असा उठला की पागोटे तिथेच राहिले. बाकीचेही दचकून जागे झाले आणि संपले असे समजून टाळ्या वाजवू लागले. मी ‘अजून आहे, अजून आहे’ म्हणतोय तोवर सगळे आतल्या अंगणात. मंडळीने रिखबचंदचे पान आधीच वाढून ठेवले होते. तो शिवनेरीकडे तोंड करून, एक डोळा सूर्यावर आणि एक पानावर ठेवून, बिनकांद्याच्या मासवड्या असा गिळत होता की पाहणाऱ्याला ठसका लागावा. मोहनबाई त्याच्या पाठीवर हात फिरवीत म्हणत होती, ‘सावकाश, अजून अर्धा दिसतोय. पाणी प्या. आता पाव दिसतोय.’ मग बाकीच्यांची पंगत बसली. रस्सा, मासवडी, बाजरीची भाकरी, वरून कांदा. भुरके मारल्याचे आवाज ओसरीपर्यंत येत होते. भिका म्हणत होता, ‘काकू, असा कारेक्रम दर वरसाला करा.’

ओसरीवर मी आणि खुर्ची. सातवा सर्ग मी खुर्चीला वाचून दाखवला. आखूड पायामुळे ती मधूनमधून डुलत होती. सोपान नव्हता. साहेब नव्हते. कवितेतला सोपना तेवढा नव्या उंबऱ्याशी उभा होता, आणि खरा उंबरा मोकळा होता. प्रथमच मनात आले की मंगळवारी तो जे बोलला ते कदाचित काव्य नसावे.

पण हा विचार नीट बसायच्या आधी आवाज आला.

हिर्रर्र… हो… हो… हो.

मी डोळे मिटले. म्हटले, पाडव्याच्या पहाटेसारखीच आठवण. मग आळीतली कुत्री भुंकू लागली. आठवणीवर कुत्री भुंकत नाहीत. उठून कडी काढली.

दारात ज्योतिबादादा.

चाळीस वर्षांत एवढाच फरक की घोंगडीखालचा माणूस लहान झाला आहे. मागे सोपान, खांद्यावर ओझरला ‘गाडीत राहिलेली’ कोरी घोंगडी. आणि त्यांच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत आळी मेंढरांनी भरलेली, एक एडका आमच्या दारचे आंब्याच्या पानांचे तोरण शांतपणे खात उभा.

दादा कधी काळी क्षमा मागायला आला तर म्हणण्यासाठी मी एक आर्या तयार ठेवली आहे. ती आठवेना.

दादाने क्षमा मागितली नाही. तो म्हणाला, ‘भिम्या, पुढलं कागूद दे.’

मी म्हणालो, कसले?

‘तुझ्या गाण्याचं. ह्यो पोरगा पंधरा दिस रानात तुझं त्ये “उभा सोपना” म्हणतोय. तू उभा म्हणतोस आन् मेंढरं बसत्यात! घाटात रातचं वाघराच्या वासानं उधळत्यात रं ती. गेल्या साली सात गेली कड्यावरनं. सोपाननं ह्ये म्हटलं की गपगार, कानसुदिक हालत न्हाई. पर चार व्हते ते संपलं. त्येच त्येच म्हणून मेंढरं बी सरावलीत. उद्या सकाळी घाट धरायचाय. दे पुढलं.’

मी सोपानकडे पाहिले. तो म्हणाला, ‘आबा, मी सांगितलं व्हतं, मंगळवारी.’ मग मान वर करून, ‘मी आता सज्ञान आहे.’ शब्द माझाच. आणि उच्चार बिनचूक.

मागे वळलो तर मंडळी, दोन पाट्या मासवड्या बांधून तयार. तिच्या मागे रिखबचंद, भिका, सारजाबाई. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही. सबंध जुन्नरात ही गोष्ट ठाऊक नसलेला मनुष्य एकटा मी, आणि ती मला सांगितलेली होती.

तेवढ्यात एडका ओसरीवर चढला. खुर्चीवरचा अध्यक्षांचा हार त्याने खाल्ला. केळीचे पान खाल्ले. मग माझ्या हातातल्या अष्टादशीला नाक लावले, हुंगले, आणि हळूच पाय दुमडून खाली बसला. दादा म्हणाला, ‘बघ!’

मी बघितले.  शेवटी विचारले, किती हवेत.

‘किती हायेत?’

अठरा, असे मी म्हणालो. सात झाले आहेत हे बोललो नाही.

‘लई झालं,’ दादा म्हणाला. ‘कोकणातनं माघारी येईस्तवर पुरत्याल.’

मी बाजूला सरून म्हणालो, दादा, आत ये. जेवून घे.

तो उंबऱ्याशीच उभा. म्हणाला, ‘न्हाई बाबा. आत आलो की तू वाचणार. आन् मी निजलो तर मेंढरं कोण बघंल?’

‘सोपान बघंल की,’ मी म्हणालो.

बोलून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले. सोपान दारात होता तसाच उभा राहिला, पण त्याने आजीकडे पाहिले, आणि आजीने त्या दिवशीसारखाच पदर तोंडाला लावला.

ज्योतिबादादाने वहाणा काढल्या. मी पहिला सर्ग काढला.